हॉलसाठी प्रोजेक्टर: एक चिपचा डीएलपी घ्यावा की थ्रीएलसीडी?

दुकानात दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी लावून दाखवले की नजर आपोआप जास्त उजेडाच्या चित्राकडे वळते. विक्रेत्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून मोड ‘डायनॅमिक’वर ठेवलेला असतो आणि पडद्यावर रंगीबेरंगी मासे नाहीतर ड्रोनमधून टिपलेले डोंगर चालू असतात. अशा चित्रांत कुठलाही प्रोजेक्टर बरा दिसतो. घरी आणल्यावर सिनेमात रात्रीचा प्रसंग येतो आणि मग कळतं की काळं दिसायला हवं ते राखाडी दिसतंय आणि माणसांच्या चेहऱ्यांवर हिरवट झाक आहे. प्रोजेक्टरचा कस अंधाऱ्या दृश्यात आणि माणसाच्या कातडीच्या रंगात लागतो. आणि दोन चांगल्या यंत्रांत कोणतं सरस, याचा निकाल बहुतेक वेळा तुमची खोलीच देते.

घरासाठी घेणाऱ्यापुढे खरी निवड दोन तंत्रांत असते. पहिलं डीएलपी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली शोधलेल्या सूक्ष्म आरशांच्या चिपवर ते चालतं. घरगुती यंत्रात अशी एकच चिप असते, त्यामुळे लाल, हिरवं आणि निळं चित्र एकामागोमाग एक, फार वेगाने पडद्यावर येतं आणि आपला मेंदू ते एकत्र करतो. दुसरं थ्रीएलसीडी, जे घरगुती बाजारात मुख्यतः एप्सनच्या नावाने ओळखलं जातं. त्यात प्रकाशाचे तीन भाग करून ते तीन वेगळ्या पॅनेलमधून जातात आणि तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर पोचतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या गुणदोषांचं मूळ या एका फरकात आहे.

ऑनलाइन दिसणारे अगदी स्वस्त ‘४के सपोर्ट’वाले छोटे प्रोजेक्टर मी या तुलनेत धरत नाही. सपोर्ट म्हणजे ४केचा सिग्नल आत घेतो, एवढंच. आतलं एकुलतं एलसीडी पॅनेल फुल एचडी किंवा त्याहूनही कमी असतं आणि खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचा, आकडा कुठल्या पद्धतीने मोजला ते लिहिलेलंच नसतं. ल्युमेनच्या आधी ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ (मोजण्याच्या ठरलेल्या पद्धती) लिहिलेलं नसेल तर तो आकडा विसरून जा.

उजेड मोजायचा कसा

हे काम घरी करता येतं आणि करावंच. एक साधा लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारं यंत्र, घ्या. फोनमधलं ॲप चालणार नाही, कारण प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळा असतो. प्रोजेक्टर वीस-पंचवीस मिनिटं तापू द्या, खोलीत पूर्ण अंधार करा आणि पडद्यावर पूर्ण पांढरी फ्रेम लावा. पडद्याचे मनातल्या मनात नऊ समान चौकोन करा, प्रत्येकाच्या मध्यावर मीटर प्रोजेक्टरकडे तोंड करून धरा आणि नऊ आकड्यांची सरासरी काढा. तिला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणलं की ल्युमेन हाती आले. १०० इंची पडदा साधारण २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच, म्हणजे २.७६ चौरस मीटर. सरासरी ३०० लक्स भरली तर ८२८ ल्युमेन.

खोक्यावर २५०० लिहिलंय आणि हाती ८२८, म्हणून दचकू नका. कंपनीचा आकडा सर्वांत भडक मोडमधला असतो आणि त्या मोडमध्ये पांढरा रंग हिरवट असतो. सिनेमा मोडमध्ये रंग जागेवर आले की उजेड बराच उतरतो. पण तो कमी पडतो का? ३०० लक्सला पाय (π) म्हणजे ३.१४ ने भागलं की साध्या पांढऱ्या पडद्यावर सुमारे ९५ निट्स येतात; निट्स म्हणजे पडद्यावरून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाचं माप. थिएटरच्या पडद्याचं प्रमाण ४८ निट्स आहे. म्हणजे अंधाऱ्या खोलीत १०० इंचांसाठी ८०० खरे ल्युमेन भरपूर झाले. दिवे लावून क्रिकेट बघायचं असेल तर मात्र हे गणित कोलमडतं.

मोजताना आणखी एक चाचणी करा, ती दोन तंत्रांतला फरक उघडा पाडते. पांढऱ्या फ्रेमऐवजी लाल, हिरवी आणि निळी फ्रेम एकेक करून लावा आणि त्यांच्या लक्सची बेरीज करा. थ्रीएलसीडीत ती बेरीज पांढऱ्याच्या जवळपास येते. एक चिपच्या अनेक डीएलपी यंत्रांत रंगचक्राला, म्हणजे उजेडाच्या वाटेत फिरणाऱ्या रंगीत काचांच्या चकतीला, पारदर्शक पाकळी जोडलेली असते. ती पांढरा उजेड वाढवते पण रंगांना काही देत नाही. मग बेरीज पांढऱ्यापेक्षा पुष्कळ कमी भरते. पडद्यावर याचा अर्थ काय, ते बघायला घरातल्या लग्नाचं हळदीचं शूटिंग लावा. अशा डीएलपीवर हळदीचा लखलखीत पिवळा मळकट मोहरीच्या रंगावर जातो, शेजारचा पांढरा सदरा मात्र झगझगीत राहतो. थ्रीएलसीडीवर तीच हळद हळदीसारखी दिसते. सगळे डीएलपी असे नसतात. सिनेमासाठी बनवलेल्या यंत्रांत पारदर्शक पाकळी नसते आणि त्यांचे रंग फार सुंदर असतात. म्हणून चक्राच्या पाकळ्या कोणत्या, हे विचारूनच घ्या.

काळा रंग, आणि खोलीच्या भिंती

कॉन्ट्रास्टच्या आकड्याइतकी दिशाभूल दुसरा कुठलाही आकडा करत नाही. ‘लाखास एक’ लिहिलेलं असतं ते अंधार पडला की दिवा किंवा लेझर मंद करून मिळवलेलं असतं. एकाच फ्रेममध्ये उजेड आणि अंधार दोन्ही असतील तेव्हा त्याचा उपयोग होत नाही. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या बघा.

पहिली, जवळजवळ पूर्ण काळं दृश्य: अमावास्येची रात्र, दूरवर एक कंदील. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘ऑटो आयरिस’ (दृश्य बघून उजेड कमी-जास्त करणारी झडप) बंद करा आणि वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्यांकडे बघा. मध्यम किमतीच्या डीएलपीत, विशेषतः ०.४७ इंची चिपच्या, पट्टे स्पष्ट राखाडी दिसतात. त्याच किमतीच्या आसपासचा सिनेमासाठीचा थ्रीएलसीडी इथे बहुधा पुढे असतो. आता आयरिस चालू करा आणि तोच प्रसंग पुन्हा बघा. दृश्य बदललं की उजेड मागाहून वरखाली होताना दिसला किंवा यंत्रातून करकर ऐकू आली, तर सिनेमाभर ते डोक्यात राहणार.

दुसरी, पांढऱ्या-काळ्या सोळा चौकोनांचा पट. याच्यावर एएनएसआय कॉन्ट्रास्ट मोजतात. पांढऱ्या चौकोनांच्या मध्यावरचे लक्स आणि काळ्यांच्या मध्यावरचे लक्स यांचा भागाकार करा. अंधाऱ्या, काळ्या भिंतींच्या खोलीत इथे डीएलपी बाजी मारतो. त्याचं चित्र उजेड-अंधार मिसळलेल्या दृश्यात जास्त उठावदार असतं.

पण आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हे घडत नाही. पांढरं छत, फिक्या क्रीम रंगाच्या भिंती, चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. पडद्यावरचा उजेड छतावर जातो आणि उलटून पुन्हा पडद्यावरच पडतो. अशा खोलीत पटावरचं गुणोत्तर शंभराच्याही खाली येऊ शकतं, मग यंत्र कुठलंही असो. याच कारणासाठी माझं ठाम मत आहे की दहा-वीस हजार जास्त देऊन वरचं मॉडेल घेण्याआधी पडद्यालगतचा मीटर-दीड मीटर छत आणि बाजूच्या भिंती गडद करा. रंग देणं जमत नसेल तर गडद, चमक नसलेले पडदे सोडा. चित्रात जो फरक पडतो तो लक्समीटरलाही दिसतो आणि आजीलाही.

काळ्याच्या चाचणीत एक साधी चूक निकाल उलटा करते. प्लेयर मर्यादित रेंजचा सिग्नल देतो, म्हणजे ० ते २५५ च्या मोजपट्टीवर १६ हा काळा आणि २३५ हा पांढरा. प्रोजेक्टर पूर्ण रेंज धरून बसला असेल तर काळा राखाडी होतो. उलट झालं तर सावल्यांतले तपशील गिळले जातात. मोफत मिळणाऱ्या चाचणी पॅटर्नमध्ये काळ्याच्या किंचित वरच्या पट्ट्या असतात. १७ किंवा १८ची पट्टी जेमतेम दिसली आणि १६ची अजिबात नाही, तर ब्राइटनेस बरोबर लागला. दोन्ही यंत्रांवर हे केल्याशिवाय तुलनाच करू नका.

चेहरे

रंगांसाठी मी डोंगर, फुलं, पोपट बघत नाही. चेहरे बघतो: उन्हातला, ट्यूबलाइटखालचा, समईच्या उजेडातला. आकाश थोडं जास्त निळं झालेलं कोणाला कळत नाही. सावळ्या कातडीवर जरा लाल चढलं तर लगेच खटकतं. आधी कलर टेंपरेचर ६५०० केल्व्हिनच्या जवळच्या पर्यायावर आणा. त्याला बहुधा ‘वॉर्म’ म्हणतात. पहिल्या पाच मिनिटांत चित्र पिवळट वाटेल, पण डोळा सरावतो आणि मग ‘कूल’ परत लावावंसं वाटत नाही.

मग एक जुना कृष्णधवल सिनेमा लावा. रंगाच्या चाचणीसाठी याहून कडक परीक्षक नाही. फिक्या राखाडीपासून गडद राखाडीपर्यंत कुठेही गुलाबी किंवा हिरवी छटा यायला नको. थ्रीएलसीडीवर याच वेळी माणसांच्या आकृतीच्या कडांकडे बघा: एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी रेघ दिसली तर तीन पॅनेल एकमेकांवर नीट बसलेली नाहीत. मेनूतून थोडं जुळवता येतं. एका पिक्सेलपेक्षा जास्त सरकलं असेल तर तो नग बदलूनच घ्यावा.

डीएलपीवर त्याच सिनेमात इंद्रधनुष्याचा त्रास आहे का, ते कळतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी श्रेयनामावली येते तेव्हा नजर झटकन डावीकडून उजवीकडे न्या. काहींना अक्षरांच्या कडांवर लाल-हिरव्या-निळ्या ठिणग्या चमकलेल्या दिसतात, काहींना आयुष्यात कधीच दिसत नाहीत. हे डोळ्यावर अवलंबून आहे, यंत्राची जाहिरात काहीही म्हणो. एलईडीच्या डीएलपीत चक्र नसतं, तरी रंग एकामागोमागच येतात, त्यामुळे तिथेही ही चाचणी करा. आणि घरातल्या सगळ्यांना बसवून करा. एकाला जरी तासाभरात डोकं जड वाटलं तरी थ्रीएलसीडी घ्या. यावर तोडगा नाही.

रेखीवपणा आणि हालचाल

रेखीवपणात डीएलपी पुढे आहे. एकच चिप, त्यामुळे रंग सरकण्याचा प्रश्नच नाही. ०.४७ इंची चिपवर आरसे १९२० गुणिले १०८० एवढेच असतात, पण चित्र चार जागी सरकवून ८३ लाख पिक्सेल उभे केले जातात. एप्सनच्या ४के प्रो-यूएचडी यंत्रांतही फुल एचडी पॅनेल आणि सरकवण्याचीच युक्ती आहे. जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत ते दोनच जागी सरकतं, अलीकडच्या महागड्यांत चार. बसण्याच्या जागेवरून सिनेमात हा फरक फार जाणवत नाही, पण संगणक जोडून बारीक मराठी मजकूर उघडा: जोडाक्षरं आणि वेलांट्या डीएलपीवर जास्त स्वच्छ दिसतात. मजकूर मधोमध आणि चारही कोपऱ्यांत वाचा. मध्यभागी फोकस नेमका असून कोपरे पुसट असतील तर दोष भिंगाचा.

कीस्टोन ही मेनूतली सोय मात्र दोन्हींवर शून्य ठेवा. ते चित्र वाकवून चौकोनी करतं आणि त्यात पिक्सेल वाया जातात. प्रोजेक्टर पडद्याच्या नेमका समोर बसवता येत नसेल, छताचा पंखा आड येत असेल, तर लेन्स शिफ्ट (भिंग सरकवून चित्र वरखाली-आडवं हलवण्याची सोय) असलेलं यंत्रच लागेल. मध्यम किमतीत ती सोय थ्रीएलसीडीत जास्त सढळ असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा मी कॉन्ट्रास्टच्या बरोबरीने धरतो.

हालचालीसाठी कॅमेरा संथपणे आडवा फिरतो असं दृश्य बघा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. प्लेयर ६० हर्ट्झ देत असेल तर चौकटी असमान वेळ थांबतात आणि चित्र अडखळतं. प्लेयरमध्ये फ्रेम रेट जुळवण्याची सोय चालू करा, मगच प्रोजेक्टरला नावं ठेवा. एचडीआरचं, म्हणजे जास्त उजेड-अंधार सामावणाऱ्या चित्राचं, थोडक्यात: असा सिनेमा बहुधा १००० निट्स किंवा जास्तीसाठी तयार केलेला असतो आणि आपल्याकडे शंभराच्या आसपास. तो फरक यंत्र कसा मिटवतं ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. एचडीआर चालू केल्यावर चेहरे काळवंडत असतील तर एसडीआर, म्हणजे नेहमीचं साधं चित्र, बघण्यात काही कमीपणा नाही.

मग कोणता

फिक्या भिंतींचा हॉल, संध्याकाळी एखादा दिवा चालूच, सिनेमाइतकंच क्रिकेट, घरात चार जण बघणारे: थ्रीएलसीडी. रंगांना पूर्ण उजेड, इंद्रधनुष्य नाही, बसवायला सोपा. हवेची जाळी मात्र वेळच्या वेळी साफ करावी लागेल. पॅनेलवर धूळ बसली की अंधाऱ्या दृश्यात रंगीत डाग दिसतो आणि तो काढायला यंत्र उघडावं लागतं. रस्त्यालगतच्या घरात हे मनावर घ्या.

वेगळी, गडद करता येणारी खोली, गेम खेळणारी मुलं, संगणकाचा वापर, आणि इंद्रधनुष्य कोणालाच दिसत नाही अशी खात्री: डीएलपी, पारदर्शक पाकळी नसलेला. त्याची चिप बहुधा बंदिस्त असते, धुळीचा त्रास कमी.

खोली खरोखर काळीकुट्ट करणार असाल आणि काही लाख हाताशी असतील, तर या दोघांच्याही पुढे एलकॉस हे तिसरं तंत्र आहे, म्हणजे सोनीचा एसएक्सआरडी आणि जेव्हीसीचा डी-आयएलए. काळ्या रंगात जेव्हीसीशी स्पर्धा नाही. फिक्या भिंतींच्या हॉलमध्ये मात्र त्यावर पैसे घालू नका, तो काळा रंग छतच खाऊन टाकेल.

नग घरी आल्यावर परत करण्याच्या मुदतीतच पूर्ण काळी, पूर्ण पांढरी आणि मधली राखाडी फ्रेम लावून जवळ जाऊन बघा. डीएलपीत काळ्यावर पांढरा ठिपका अडकलेला आरसा दाखवतो. थ्रीएलसीडीत राखाडीवर एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट पसरलेलं दिसेल. दोन्हींचे फोटो काढून ठेवा आणि तक्रार त्याच दिवशी लेखी करा.