जीपीएस लॅप टायमर: हर्ट्झच्या आधी काय बघायचं

बाइकसाठी लॅप टायमर (रेसट्रॅकवरच्या एका फेरीची, म्हणजे लॅपची, वेळ मोजणारं यंत्र) शोधायला लागलं की जाहिरातीत सगळ्यात ठळक आकडा असतो हर्ट्झचा, म्हणजे यंत्र सेकंदाला किती वेळा आपली जागा नोंदवतं त्याचा. ताशी १८० किमीला बाइक सेकंदात ५० मीटर जाते. बहुतेक फोन १ हर्ट्झवर चालतात, म्हणजे दोन नोंदींत तेवढंच अंतर. १० हर्ट्झला ते ५ मीटर होतं, २५ ला २ मीटर. नुसत्या फोनवरचा लॅप टाइम त्यामुळे कामचलाऊच. १० आणि २५ मधला फरक मात्र लॅप टाइममध्ये फारसा उतरत नाही, कारण लॅप जिथे सुरू होतो आणि संपतो ती रेषा ओलांडल्याचा क्षण सॉफ्टवेअर आजूबाजूच्या नोंदींवरून हिशेबाने काढतं. तो फरक दिसतो वेगाच्या आलेखात: ब्रेक नेमका कुठे लावला, वळणात वेग किती खाली गेला.

म्हणून आधी ठरवायचं ते हे, की वेळ चालवताना बघायची आहे की पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) येऊन आलेख वाचायचा आहे.

चालवताना बघायची असेल तर एआयएम कंपनीचा सोलो २. जीपीएस १० हर्ट्झचं, पण पडदा मोठा, उन्हात वाचता येतो आणि सर्वोत्तम लॅपच्या तुलनेत आत्ता किती पुढे-मागे आहोत ते दाखवतो. बाइकच्या ईसीयूमधून (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातून) आरपीएम (इंजिनचे फेरे), थ्रॉटल वगैरे हवं असेल तर सोलो २ डीएल, फक्त आपल्या मॉडेलची वायरिंग जुळते का ते घेण्याआधी तपासा. खटकणारी गोष्ट म्हणजे त्याचं रेस स्टुडिओ सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.

आलेखच वाचायचा असेल तर रेसबॉक्स मिनी पुरतो. २५ हर्ट्झ, पण पडदा नाही, आणि साध्या मिनीला नोंद करायला फोन सोबत लागतो. मिनी एस स्वतःच्या मेमरीत साठवतो. बाइकसाठी एसच घ्यावा. फोन हँडलबारवर लावला की इंजिनच्या कंपनाने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) बिघडू शकतं. अ‍ॅपलने २०२१ मध्ये तसा इशाराच दिला होता. शिवाय उन्हात फोन तापून बंद पडतो तो वेगळाच.

कोणतंही यंत्र घेतलं तरी निम्मी अचूकता बसवण्यात असते. अँटेनाला आकाश दिसलं पाहिजे. प्लास्टिक किंवा फायबरग्लासच्या फेअरिंगमधून (बाइकच्या बाहेरच्या आवरणातून) सिग्नल येतो, कार्बन फायबर मात्र तो अडवतं. सीट काउलवरची (सीटमागच्या आवरणावरची) सपाट जागा चांगली. पडद्याचा टायमर ट्रिपल क्लॅम्पवर (हँडलजवळ पुढचे फोर्क धरणाऱ्या भागावर) बसवताना खाली रबर द्या, आणि विंडस्क्रीनमागे डोकं घातल्यावर तो दिसतो का ते स्टँडवरच बघून घ्या. बाइक झुकली की अँटेनाही झुकतो, एका बाजूचे उपग्रह सुटतात. ग्लोनास, गॅलिलिओ हे जीपीएससारखे इतर उपग्रहसंचही पकडणारा रिसीव्हर इथे उपयोगी पडतो. सुरू करून लगेच ट्रॅकवर जाऊ नका. उपग्रहाची कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या चक्रात येते, तेव्हा टायर वॉर्मर (टायर गरम ठेवणारं आवरण) काढण्याआधी दोनेक मिनिटं यंत्र उघड्यावर चालू ठेवा.

लॅपची रेषा यंत्रात कुठे आखायची? सरळ पट्ट्याच्या मधोमध, वळणात नाही. जागेत १ मीटरची चूक झाली तर ताशी १८० ला ०.०२ सेकंद चुकतं, ताशी ५४ ला जवळपास ०.०७. ब्रेकिंगच्या जागी रेषा असेल तर वेग झपाट्याने बदलत असल्याने हिशेबही डगमगतो. यंत्रातल्या तयार नकाशातली रेषा बहुधा चालते, पण लांबी तपासा: शेजारून दुसरा पट्टा जात असेल तर लांब रेषा तिथेही ओलांडली जाते आणि एका लॅपचे दोन तुकडे नोंदले जातात.

लीन अँगलचा (बाइक किती झुकली त्याचा) आकडा फोटोखाली टाकायला ठीक. तो वेग आणि वळणाच्या त्रिज्येवरून काढलेला असेल तर टायरची रुंदी आणि रायडरचं बाहेर लटकणं त्यात धरलेलं नसतं.

शेवटची तपासणी आयोजकाकडे: काही ट्रॅक-डेंना (आपली बाइक ट्रॅकवर चालवायच्या दिवसांना) विम्याच्या अटींमुळे लॅप टायमिंगला बंदी असते.