पाया माउसचा की बोटाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून ओळखीतले निम्मे लोक एकच विचारतात: जुना पीसी काढतोय, घेऊ काय? दुकानदार दोन वस्तू पुढे करतो. एक कीबोर्डवाला आयपॅड, दुसरा विंडोज ११चा, पडदा मागे वळवला की टॅब्लेट होणारा लॅपटॉप. दोन्हींना टच आहे आणि दोन्हींना माउस जोडता येतो. मग फरक कुठे?

फरक पायात आहे. विंडोजचं घर माउससाठी बांधलं, बोट नंतर भाडेकरू म्हणून आलं. आयपॅडचं उलट: घर बोटाचं, माउसला मार्च २०२० मध्ये (आयपॅडओएस १३.४) रीतसर खोली मिळाली. वीस वर्षं माउस धरलेल्या हाताला हे पहिल्या तासातच जाणवतं.

माउसवाला माणूस बटणावर पॉइंटर नुसता नेऊन थांबतो, खाली नाव उमटतं, ते वाचून मग ठरवतो दाबायचं की नाही. बोटाला हे ‘नुसतं थांबणं’ जमत नाही. टेकलं की दाबलं गेलं. राइट क्लिकही नाही, त्याऐवजी दाबून धरायचं. शिवाय बोट जाड. अ‍ॅपल सांगतं, बटण किमान ४४ बाय ४४ पॉइंटचं (पॉइंट हे पडद्यावरचं माप) हवं. गुगलचा आकडा ४८, त्यांच्या ‘डीपी’ या मापात. म्हणून टचचा पडदा ऐसपैस असतो, आणि आपल्याला वाटतं यांनी अर्धी जागा फुकट घालवली.

दोघांना एकाच खोलीत कोंबलं तर काय होतं, ते विंडोज ८ ने ऑक्टोबर २०१२ मध्ये दाखवलं. स्टार्ट बटणच गायब. मशीन बंद करायचं तर पॉइंटर उजव्या कोपऱ्यात न्या, कडेने पट्टी सरकत येईल, तिच्यात सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. कोपऱ्यात काही दडलंय हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. टॅब्लेटवर कडेवरून अंगठा सरकवणाऱ्याला ते सोपं होतं, माउसवाल्यासाठी ती लपाछपी. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं, २०१५ ला विंडोज १० मध्ये स्टार्ट मेनूही.

विंडोज ११ मध्ये त्या प्रयोगाचे व्रण आहेत, पण सोसवतात. फाइलच्या यादीत ओळी एकमेकींपासून लांब वाटल्या तर व्ह्यूमध्ये जाऊन ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ लावा. राइट क्लिकच्या मेनूत कट-कॉपीची छोटी चित्रं झाली आहेत आणि जुना पूर्ण मेनू ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे आहे, शिफ्ट आणि एफ१० दाबलं की थेट उघडतो. दोन दिवसांत हात बसतो. बोटाने मात्र डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची विंडोजची जुनी यादी) उघडून बघाच, प्रत्येक बारीक खुणेवर नेम चुकतो. आणि उभ्या पडद्याला सतत हात लावून काम होत नाही, खांदा भरून येतो. स्टीव्ह जॉब्स २०१० मध्येच हे बोलले होते. मी स्वतः टचचा लॅपटॉप वापरतो. पडद्याला बोट लागतं ते पान सरकवण्यापुरतं.

आयपॅड आता बराच माणसाळलाय. आधी त्याचा पॉइंटर बोटाच्या टोकासारखा गोल ठिपका होता. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये बाण आला, हव्या त्या मापाच्या खिडक्या आल्या, वर मेनूची पट्टीही आली. वाचणं, पीडीएफवर पेन्सिलने खुणा करणं, शिकवणं यात त्याला तोड नाही. माझे सासरे निवृत्त शिक्षक. पीसीवर फाइल कुठे सेव्ह झाली ते कायम शोधत बसायचे. आयपॅडवर ते आठवड्यात रुळले, कारण ‘सेव्ह’ हा शब्दच त्यांच्या आयुष्यातून गेला.

पण तुमचं काम हिशेबाचं असेल तर थांबा. टॅलीवाल्याला माउससुद्धा नको असतो: एफ५ पेमेंट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, नजर व्हाउचरवरून हलत नाही. ते टॅली विंडोजवर चालतं. आयपॅडवर हवं तर दूरच्या मशीनला जोडून घ्यावं लागतं. एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे तीच तीच कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, आयपॅडवर चालत नाहीत. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर आयपॅडचा विषयच संपला. एअरप्रिंट (वायरशिवाय छापायची अ‍ॅपलची सोय) नसलेला जुना प्रिंटरही आयपॅडकडे सहसा ढुंकून बघत नाही. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या मराठी फायली सांभाळणाऱ्या डीटीपीवाल्यांना हे सांगायलाच नको.

माझं मत विचाराल तर: हिशेब, मॅक्रो, टोकन यांतलं एक जरी असेल तर विंडोज, आणि टचसाठी जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही, साधा लॅपटॉप पुरतो. यांतलं काहीच नसेल आणि घरात वाचणारी, चित्रं काढणारी माणसं असतील तर आयपॅड.

तरीही मन डळमळत असेल तर दुकानात उभ्याउभ्या फोटो सरकवून ठरवू नका. खुर्ची मागा, पेनड्राइव्हवरून आपली रोजची एक्सेल फाइल उघडा, पन्नास ओळी निवडून दुसऱ्या शीटवर न्या आणि मराठीत चार ओळींचं पत्र टाइप करून बघा. दुकानदार कंटाळेल, त्याला कंटाळू द्या.