ओकम कॅसल, रटलंड: एका हॉलसाठी अख्खा दिवस दिला आणि अजिबात पस्तावलो नाही

लेस्टरला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली आणि इथून ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावरचं ओकम मी बघितलं नव्हतं, याचं आता खरंच वाईट वाटतंय. आई-बाबा साताऱ्याहून आलेत, लंडन करून झालं, तिथल्या जिन्यांनी आणि रांगांनी आईचे गुडघे पार गेले, त्यामुळे म्हटलं आता जवळचं, सपाट, गर्दी नसलेलं काहीतरी बघू. म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी रटलंड काउंटीतल्या ओकमला गेलो. लिहितात ओकहॅम, पण बोलताना सगळे ओकमच म्हणतात.

आधीच सांगते, कॅसल म्हणून गेलात आणि बुरुज-तटबंदी शोधायला लागलात तर पहिल्यांदा गडबडायला होतं. बाबा गेटमधून आत आले आणि म्हणाले, "अगं, किल्ला कुठंय?" समोर हिरवळ, भोवतीनं गवत उगवलेले मातीचे उंचवटे आणि मधे एक दगडी इमारत, बास. पण ती इमारत म्हणजेच खरा खजिना. वॉकेलिन द फेरर्स नावाच्या नॉर्मन सरदाराने साधारण ११८० ते ११९० च्या दरम्यान बांधलेला हा दरबाराचा हॉल, त्या काळातल्या इंग्लंडच्या राहत्या वास्तूंपैकी इतकी धड टिकलेली दुसरी सापडणं अवघड. बाकीचा वाडा गेला, हा राहिला.

आत पाऊल टाकलं की नजर आधी भिंतींवरच जाते. घोड्याचे नाल! एक-दोन नाही, २०० च्या वर. काही हातभर, काही चांगले छातीएवढे मोठे, सोनेरी रंगाचे, वर मुकुट बसवलेले. प्रथा अशी की कोणीही उमराव किंवा राजघराण्यातली व्यक्ती पहिल्यांदा ओकमला आली की तिने इथे एक नाल द्यायचा. फेरर्स हे आडनावच मुळात लोखंडकामावरून, नाल ठोकण्यावरून आलेलं, म्हणजे आपल्याकडे नालबंद आडनाव असतं ना, तसंच. त्यातला सगळ्यात जुना मानला जाणारा नाल चौथ्या एडवर्ड राजाचा आहे, १४७० मध्ये इथून जवळच एम्पिंगमपाशी लढाई जिंकला तेव्हाचा. आणि राणी एलिझाबेथ दुसरीचासुद्धा आहे. पाचशे वर्षांचं अंतर आणि दोन्ही एकाच हॉलमधे, मला तर तिथं उभं राहून काटा आला.

आईचं लक्ष भलतीकडेच. "हे सगळे उलटे का टांगलेत गं?" खरंच, सगळ्या नालांची टोकं खाली. आमच्या साताऱ्याच्या घरी उंबरठ्यावर नाल ठोकलेला आहे, त्यामुळे तिला ते लगेच खटकलं. इंग्लंडात इतर ठिकाणी टोकं वर ठेवतात, नशीब सांडू नये म्हणून, पण रटलंडवाले उलटं करतात, कारण टोकं वर ठेवली तर खोलगट भागात सैतान येऊन बसेल! तिथल्या एका वयस्कर बाईंनी हे इतक्या प्रेमाने समजावून सांगितलं की आईला इंग्रजी अर्धंच कळूनही ती मान डोलवत राहिली आणि नंतर पूर्ण वेळ त्यांच्याच मागे मागे फिरली.

नाल बघून लगेच बाहेर पडू नका प्लीज, बहुतेक लोक तेच करताना दिसले. खांबांच्या वरच्या भागावर पानांचं कोरीवकाम आहे ते शांतपणे बघा, आणि त्याच्याही वर, कमानी सुरू होतात तिथं वाद्यं वाजवणाऱ्या छोट्या दगडी मूर्ती आहेत. झिजल्यात, पण अंगाचा बाक, वाद्य धरायची लकब अजून कळते. आठशे वर्षांपूर्वी या हॉलमधे जेवणावळी झडत असताना वर हे दगडातले वाजंत्री बसलेले, विचार करा. मी एकेका खांबाखाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघितलं. घरी छोटी दुर्बिण असेल तर नक्की न्या, वरच्या रांगेतल्या नालांवरची नावंही वाचता येतील. प्रवेश फ्री आहे, २०१६ मध्ये दुरुस्ती करून परत उघडलाय, आणि हा हॉल कित्येक शतकं कोर्ट म्हणूनही वापरात होता.

आता रटलंडबद्दल थोडं, कारण ते माहीत असलं की या नालांचं मोल जास्त कळतं. इंग्लंडमधली ही सगळ्यात छोटी ऐतिहासिक काउंटी, क्षेत्रफळ सुमारे ३८२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या ४१ हजाराच्या आसपास. १९७४ मध्ये सरकारने ती चक्क पुसून टाकली, लेस्टरशरचा एक तालुका करून टाकला. पण लोकांनी नाव सोडलं नाही, मागणी लावून धरली, आणि १ एप्रिल १९९७ ला रटलंडचा कारभार परत स्वतंत्र झाला. काउंटीच्या चिन्हावर सोनेरी नाल आणि ओकची फळं आहेत, ब्रीदवाक्य लॅटिनमधे, अर्थ काय तर थोडक्यात पुष्कळ. मला हे फार आवडलं, मनापासून. आपलं नाव टिकावं म्हणून २३ वर्षं चिकाटी धरणारी माणसं आहेत ही.

आणि नाव तर केवढं लांब पोचलंय! अमेरिकेत व्हरमाँटमधलं रटलंड संगमरवरासाठी प्रसिद्ध, मॅसॅच्युसेट्समधे रटलंड आणि ओकम अशी दोन गावं एकमेकांना चिकटून आहेत, आणि आपल्या अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला रटलंड नावाचं बेट आहे. उलट रटलंडचे ड्यूक मात्र रटलंडमधे राहतच नाहीत, त्यांचा बेल्व्हॉर कॅसल लेस्टरशरमधे आहे, आणि त्याचा उच्चार बीव्हर करतात, हे मला इथं येऊन दोन वर्षांनी कळलं.

कॅसलमधून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर बाजार, बुधवार-शनिवारी भरतो. तिथं लाकडी छपराचा बटरक्रॉस, म्हणजे जुन्या बाजाराचा मांडव आहे, खाली गुन्हेगारांचे पाय अडकवायचा खोडा, आणि त्याला भोकं पाच! का पाच, यावर बाबांनी दहा मिनिटं डोकं लावलं. जेफ्री हडसनही याच गावचा, १६१९ चा जन्म, लहानपणी इतका बुटका की त्याला 'पाय'मधे, म्हणजे भाजलेल्या मोठ्या पेस्ट्रीत लपवून राजा-राणीपुढे पेश केलं होतं. ऐकायला गंमत वाटते, पण मला त्या पोराची कीव आली.

जेवणाचं मात्र जमलं नाही. बाजाराजवळच्या एका कॅफेत व्हेज म्हणून मागवलेल्या सूपमधे हॅमचे तुकडे निघाले. सांगितल्यावर त्यांनी बदलून दिलं, सॉरीही म्हणाले, पण आई तोपर्यंत फक्त ब्रेड खाऊन बसली होती. दोनदा विचारून घ्या, आणि सोबत थेपले-पोळी असू द्या.

दुपारी रटलंड वॉटर बघायचं होतं. हे १९७० च्या दशकात बांधलेलं प्रचंड मोठं धरण, त्यात नेदर हॅम्बल्टन नावाचं गाव गेलं, आणि नॉर्मंटनचं चर्च खालचा अर्धा भाग दगड-काँक्रीटने भरून वाचवलं, आता ते पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. १९९६ पासून इथं ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारे मोठे शिकारी पक्षी, परत आणून वसवलेत, आणि २००१ मध्ये त्यांची पहिली पिल्लं झाली. हे सगळं मी वाचून गेले होते, पण ज्या बसच्या भरवशावर होतो ती आलीच नाही, पाऊण तास स्टॉपवर उभे राहून शेवटी नाद सोडला. म्हातारी माणसं बरोबर असतील तर गाडीच न्या किंवा टॅक्सी आधीच सांगून ठेवा.

पण बाबांचा दिवस त्यामुळेच सोन्याचा झाला. लवकर स्टेशनवर आलो तर लेव्हल क्रॉसिंगला लागून जुनी लाकडी सिग्नल केबिन! याच केबिनवरून एअरफिक्स कंपनीने मुलांसाठी जोडायचं मॉडेल काढलं होतं हे मी त्यांना सांगितलं. ३४ वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, ते फाटकाजवळ जे उभे राहिले ते हलेनातच, फाटक पडलं, मालगाडी गेली, फाटक उघडलं, परत पडलं, आणि प्रत्येक वेळी मला काय काय होतंय ते समजावत होते. आमची ट्रेन दिसायला लागली तेव्हा मी अक्षरशः हाताला धरून त्यांना प्लॅटफॉर्मवर आणलं.

कॅसलला माझ्याकडून पाचपैकी पाच. कॅसल आणि बाजार मिळून तीन तास निवांत काढा, बुधवार किंवा शनिवार बघून जा. सप्टेंबरमधे सासूबाई येतायत, तेव्हा सकाळी आधी नॉर्मंटनचं चर्च करणार आहे, आणि या वेळी आमच्या गाडीने.