पार्किन्सन सपोर्ट ग्रुप: जॉइन केला बाबांसाठी, उपयोग मला जास्त

४ स्टार. डॉक्टरांकडे गडबडीत जे विचारायचं राहून जातं ते इथे कळतं, म्हणजे लेव्होडोपाची (पार्किन्सनचं मुख्य औषध) गोळी शक्यतो जेवणाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची कारण जेवणातलं प्रोटीन तिच्या आड येतं, आणि वेळ चुकली की पुढचा सगळा घोळ. चालता चालता पाय जागीच अडकतात ना (फ्रीझिंग म्हणतात त्याला), त्यावर एका काकांनी फरशीवर आडव्या चिकटपट्ट्या लावून त्या ओलांडत चालायला सांगितलं, बाबा खरंच चालले!! तालावर, आकडे मोजत पाऊल टाकलं तरी जमतं. आवाज बारीक होतो म्हणून मोठ्याने बोलायचा व्यायाम पण घेतात, ऐकणाऱ्याला वाटेल भांडणंच चाललीयेत. सांभाळणाऱ्यांची वेगळी मीटिंग असते ती तर सोडूच नका, तिथे मनातली चिडचिड बोलता येते, कोणी उपदेश करत नाही.

एक स्टार कापला कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी 'हमखास बरं करणारं' औषध टाकतंच, ॲडमिन आवरा जरा. डोस तर तिथे विचारून अजिबात बदलू नका, न्यूरॉलॉजिस्टलाच विचारा. कमी वयाच्या पेशंटना नोकरी वगैरेबद्दल मात्र इथे फारसं काही मिळणार नाही.