फाहियान की ह्युएन त्संग: आधी कोणाला वाचावं?

एका भाचीने विचारलं, भारतात येऊन गेलेल्या या दोन चिनी बौद्ध भिक्षूंपैकी एकाचाच प्रवासवृत्तांत वाचायला वेळ आहे, कोणाचा घेऊ?

आकाराने फाहियान सोपा. इ.स. ३९९ मध्ये चीनमधल्या चांगआनहून निघालेला हा वयस्क भिक्षू विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या नियमांचे, ग्रंथ शोधत होता, त्यामुळे लिखाण आटोपशीर. ह्युएन त्संगचे बारा खंड. प्रदेशामागून प्रदेश, कधी कधी कंटाळा येतो.

राजकारण हवं असेल तर फाहियान हात राखून आहे. चंद्रगुप्त दुसऱ्याच्या राज्यात फिरला, पण राजाचं नावसुद्धा घेत नाही! ह्युएन त्संग परवानगीशिवाय चीनबाहेर पडला, ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि तांग सम्राट ताइत्सुंगसाठी हा वृत्तांत सिद्ध केला. म्हणून त्यात राजे, सैन्य, पिकं, लोकस्वभाव सगळं येतं. आपला महाराष्ट्रही येतो: चालुक्य राजा पुलकेशीची प्रजा मानी, उपकार विसरत नाही, अपमानाचा सूड घेते, आणि उत्तरेचा सम्राट हर्ष यालाही ती नमली नाही. मात्र हर्षाने ह्युएन त्संगचा मोठा मान राखला होता, तेव्हा हर्षाची स्तुती जरा चाळून घ्यावी. चमत्कार दोघांकडेही आहेत.

धर्मविचारात नालंदेत आचार्य शीलभद्रांकडे योगाचार हे बौद्ध तत्त्वज्ञान शिकलेला ह्युएन त्संग खोल. मठातली शिस्त आणि रोजचे आचार मात्र फाहियानकडे बघावेत.

प्रवासाचा थरार, श्रीलंकेहून परततानाची वादळं आणि थोडकं वाचन हवं असेल तर फाहियान. सातव्या शतकातला भारत अभ्यासायचा असेल तर ह्युएन त्संग. भाची इतिहासाची विद्यार्थिनी आहे, तिला मी ह्युएन त्संगच दिला.