टोन पोएट रेकॉर्डी: पावसाळ्यापासून होळीपर्यंत ऐकून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, कारण एका रेकॉर्डला चार हजारांच्या आसपास मोजायचे की नाहीत एवढंच बहुतेकांना हवं असतं. आवाजासाठी घ्या, बिनधास्त घ्या. पण जॅझ नव्याने ऐकायला लागला असाल आणि कव्हर वाचून चार गोष्टी कळतील अशी आशा असेल, तर जरा थांबा. ते काम या मालिकेचं नाही. आता ते नक्की कोणाचं आहे, हा प्रश्न मला गेले कित्येक महिने छळतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लू नोट ही जॅझ रेकॉर्डी काढणारी न्यूयॉर्कची कंपनी १९३९ साली सुरू झाली. सुरू करणाऱ्यांत पुढाकार आल्फ्रेड लायनचा, आणि लवकरच त्याचा बर्लिनपासूनचा मित्र फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला. ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डरकडे. हा माणूस दिवसा डोळे तपासायचा आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा; १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्या जुन्या टेप काढून २०१९ पासून 'टोन पोएट' नावाने रेकॉर्डी येतात. निवड आणि देखरेख जो हार्लीची, मास्टरिंग (म्हणजे टेपवरचा आवाज रेकॉर्डसाठी अंतिम रूपात आणणं) केविन ग्रेचं, मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून थेट, मध्ये डिजिटल टप्पा नाही. १८० ग्रॅमची जड रेकॉर्ड, पुस्तकासारखं उघडणारं कडक कव्हर, आत वुल्फने रेकॉर्डिंगच्या वेळी काढलेले फोटो.

माझी यंत्रणा साधी आहे. मधल्या किमतीचं टर्नटेबल, जुना अ‍ॅम्प्लिफायर, पुस्तकांच्या कपाटावर मावतील असे स्पीकर. तरीही फरक कळतो, आणि तो सगळ्यात जास्त बासमध्ये कळतो. पियानोवादक अँड्र्यू हिलच्या 'ब्लॅक फायर'वर (१९६३) रिचर्ड डेव्हिसचं बोट तारेवर पडतं तो क्षण आणि नंतरचा घुमारा वेगवेगळे ऐकू येतात. मोबाइलवर गाणी ऐकायच्या अ‍ॅपवर मला तिथे एकच जाडसर आवाज ऐकू येतो. रॉय हेन्सच्या झांजा चरचरत नाहीत. पियानो मात्र कोंदटच राहतो, त्याला इलाज नाही. व्हॅन गेल्डरच्या पियानोबद्दल ही तक्रार जुनीच आहे, आणि कितीही चांगलं मास्टरिंग केलं तरी टेपवर जे नाही ते कुठून आणणार?

सगळ्यात जास्त वेळा लावली गेली ती सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरची 'एटसेट्रा'. तिची दुसरी बाजू, दुसरं गाणं, 'इंडियन साँग'. नाव भारतीय असलं तरी राग-बिग शोधू नका. सेसिल मक्बी बासवर पाच मात्रांचा एक घाट धरतो आणि साडेअकरा मिनिटं धरून बसतो. तबल्याची सवय असलेला कान लगेच बोटांवर मोजायला लागतो. मोजत राहिलं की लक्षात येतं, ड्रमवरचा जो चेंबर्स तुम्हाला समेवर आणून सोडायला अजिबात उत्सुक नाही. तो आवर्तनाच्या कडेकडेने वाजवत जातो. पियानोवर हर्बी हँकॉक मधूनच दोन-तीन स्वर टाकतो आणि हात आखडून घेतो. सॅक्सोफोनला घाई नाही. आपल्याकडे लेहरा धरणाऱ्याला जे काम असतं तेच इथे बासला आहे. फक्त सोलो कोणाचा चाललाय हे शेवटपर्यंत पुरतं ठरत नाही.

आता गंमत बघा. हे रेकॉर्डिंग जून १९६५ चं. बाजारात आलं १९८० मध्ये. पंधरा वर्षं टेप कपाटात पडून होती! शॉर्टर त्या दीड-दोन वर्षांत इतकं रेकॉर्ड करत होता की 'द सूथसेअर'सुद्धा अशीच मागे राहिली आणि १९७९ मध्ये निघाली. या टेप बाहेर काढल्या मायकेल कस्कुना या निर्मात्याने. १९७५ च्या सुमाराला तो ब्लू नोटच्या गोदामात शिरला. हे मला ना रेकॉर्डच्या कव्हरवरून उमगलं, ना अ‍ॅपवरून. मी वापरतो त्या अ‍ॅपवर गाण्याखाली एकट्या शॉर्टरचं नाव आहे. ड्रम कोणाचे हे बघायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं आणि तिथेही कधी यादी असते, कधी नसते. वर्ष म्हणून पुनःप्रकाशनाची तारीख दाखवतात ते वेगळंच. जॅझमध्ये हा किरकोळ तपशील नाही. कोण कोणाबरोबर कोणत्या वर्षी वाजवत होता, यावरच अर्धं संगीत उभं आहे.

म्हणून मी रेकॉर्डींच्या जोडीला दोन इंग्रजी मासिकांची डिजिटल वर्गणीही भरली. म्हटलं, जाणकार लिहितात, त्यांच्याकडून शिकू. या वर्गणीचा अनुभव मध्यम. लेख नेटके असतात, भाषा सभ्य असते, आणि जवळपास प्रत्येक नव्या रेकॉर्डला साडेतीन ते चार तारे असतात. वाईट काही निघतच नाही असं दिसतं. कलाकाराची मुलाखत बरोबर रेकॉर्ड येण्याच्या महिन्यात, शेजारच्या पानावर त्याच रेकॉर्डची जाहिरात. मी वैतागून जुने अंक वाचायला लागलो आणि तिथे मात्र अडकलो.

शिकागोचं 'डाउनबीट' हे जॅझचं मासिक १९३४ पासून निघतंय. जानेवारी १९६२ च्या अंकात त्यांनी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ' या रेकॉर्डचं परीक्षण दोघांकडून लिहून घेतलं. पीट वेल्डिंगने पाच तारे दिले, जॉन टायननने एकही नाही. शेजारी-शेजारी छापलं! याच टायननने आदल्या नोव्हेंबरात जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी या सॅक्सोफोनवादकांचं हॉलिवूडमधल्या क्लबातलं वादन ऐकून त्याला 'अँटी-जॅझ' म्हटलं होतं. एवढा गदारोळ झाला की एप्रिल १९६२ मध्ये त्याच मासिकाला डॉन डीमायकलकडून त्या दोघांची लांब मुलाखत घेऊन उत्तर छापावं लागलं. त्यात डॉल्फी पक्ष्यांच्या आवाजाबद्दल किती सहज बोलतो ते वाचण्यासारखं आहे.

टायनन चुकला, हे आज कोणीही सांगेल. १९६१ च्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट या क्लबात कोल्ट्रेन आणि डॉल्फी काय वाजवत होती ते २०२३ पासून आपण ऐकू शकतो. रिच आल्डरसन नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने क्लबची नवी यंत्रणा तपासताना केलेली टेप न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत सापडली. आवाज ओबडधोबड आहे, ड्रम फार पुढे आहेत, आणि डॉल्फी उभा राहिला की अंगावर काटा येतो. पण टायनन प्रत्यक्ष क्लबात बसला होता, ऐकलं ते त्याला खुपलं आणि त्याने नावानिशी लिहिलं. त्याच्याशी भांडता येतं. साडेतीन ताऱ्यांशी काय भांडणार?

याचं कारण लिहिणारे आळशी झाले असं नाही. पोट भरेना, हे आहे. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये जवळपास तीस वर्षं जॅझवर लिहून गॅरी गिडिन्स २००३ मध्ये बाहेर पडले. त्याच पेपरने पन्नास वर्षं लिहिणाऱ्या नॅट हेन्टॉफना २००८ च्या शेवटी घरी पाठवलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून २०१६ मध्ये जॅझवर लिहिणारे बेन रॅटलिफ गेले, पुढच्या वर्षी नेट चिनेन. वॉशिंग्टनच्या एका रेकॉर्ड दुकानातून १९७० मध्ये वेगळ्या नावाने निघालेलं 'जॅझटाइम्स' मासिक २०२३ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेलं.

मग चांगलं लिखाण गेलं कुठे? माझ्या मते ते खोक्यात गेलं. मोझेक रेकॉर्ड्स ही रेकॉर्डींचे खोकेबंद संच काढणारी कंपनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ली लूरीबरोबर काढली ती याच कस्कुनाने, आणि तो मूळचा रेडिओवाला आणि 'डाउनबीट'मध्ये लिहिणारा. मोझेकच्या संचातल्या पुस्तिका म्हणजे प्रत्येक टेकची (एकेका वेळच्या ध्वनिमुद्रणाची) तारीख, प्रत्येक वादकाचं नाव आणि वर लांबलचक निबंध. मित्राकडून एक संच उसना आणून आठवडाभर फक्त वाचत होतो. पण हे लिखाण विकणाऱ्याच्या पैशांवर झालेलं असतं. तिथे 'या टेकमध्ये दम नाही, हे छापायला नको होतं' असं कोण लिहील? खरं तर हे पहिल्यापासूनच आहे. कोल्ट्रेनच्या वादनाला चिकटलेला 'शीट्स ऑफ साउंड' हा शब्दप्रयोग आयरा गिट्लरने १९५८ मध्ये वापरला तो कोणत्या परीक्षणात नव्हे, प्रेस्टिज कंपनीच्या 'सोलट्रेन' या रेकॉर्डच्या कव्हरच्या पाठीवर. तेव्हा मात्र पाठीवर लिहिणाऱ्यांच्या समोर बाहेर टायननही होते. आता नुसती पाठ उरली आहे.

विकत घेणाऱ्याला याचा थेट फटका बसतो. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागड्या रेकॉर्डी काढते आणि त्या पूर्णपणे अ‍ॅनालॉग असतात असाच सगळ्यांचा समज होता. अभिप्राय देणारे वर्षानुवर्षं त्या 'अ‍ॅनालॉग ऊबे'चं कौतुक करत होते. जुलै २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने यूट्यूबवर सांगितलं की मध्ये डिजिटल टप्पा आहे. मग त्याने कंपनीत जाऊन इंजिनिअरांना कॅमेऱ्यासमोर विचारलं आणि ते हो म्हणाले. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. बातमी काढली दुकानदाराने! कान तयार असल्याचा दावा करणाऱ्यांपैकी कोणाला ते ऐकू आलं नव्हतं, हा भाग तर मला फारच आवडला.

आपल्याकडे नावं गाळण्याची परंपरा अजून जुनी. गोव्याचे ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ताजमध्ये जॅझ वाजवायचे आणि सी. रामचंद्रांचे सहायकही होते. 'अलबेला'च्या (१९५१) गाण्यांतला ब्रास ऐका आणि मग जुन्या तबकडीच्या लेबलवर त्या वादकांपैकी कोणाचं नाव सापडतं का बघा. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरवला, सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आले, वाजवून गेले. त्यावर मराठीत सविस्तर लिहिलेलं मी शोधतोय. कोणाकडे कात्रण असेल तर कळवा.

आता वापराचे चार शब्द. पावसाळ्यात ही जाड कव्हरं ओल धरतात; माझ्या दोन कव्हरांच्या आतल्या घडीवर पांढरे ठिपके आले. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि कपाट भिंतीपासून जरा पुढे ओढा. प्लास्टिकचं बाहेरचं आवरण आल्या-आल्या काढून टाका, ते पुठ्ठ्याला वाकवतं. थंडीत रेकॉर्ड आतल्या पाकिटातून काढताना चटचट होते, कार्बन ब्रश हवाच. मागवताना विक्रेत्याला दुहेरी खोकं सांगा. कुरिअरवाल्याने माझ्या एका कव्हरचा कोपरा पार चेपून दिला आणि बदलून मिळालं नाही.

बजेट आखडतं असेल तर ब्लू नोटचीच 'क्लासिक व्हायनिल' मालिका बघा. मास्टरिंग तिथेही केविन ग्रेचंच, रेकॉर्ड जर्मनीत दाबलेली, कव्हर साधं, किंमत बरीच कमी. माझ्या यंत्रणेवर दोन्हींत जो फरक आहे तो पाहुण्यांना कळत नाही, मलाही रात्री उशिरा पंखा बंद असतानाच कळतो. मासिकांची वर्गणी मी पुढे चालू ठेवलेली नाही. त्या पैशांत मोझेकचा एखादा जुना संच पुस्तिकेसह कोणी विकत असेल तर मला सांगा. रेकॉर्डवर थोडे चरे असले तरी चालतील, पुस्तिकेचं पान मात्र एकही फाटलेलं नको.