जर्मनीत भाड्याचा ट्रेलर: ७५० किलोचा घ्यावा की ब्रेकवाला?

कपाट-सोफा हलवायचा असेल किंवा बागेतला कचरा टाकायला न्यायचा असेल, आणि गाडीला हिच, म्हणजे मागे ट्रेलर अडकवायचा गोळा असलेला हूक असेल, तर मोठी व्हॅन भाड्याने घेण्यापेक्षा ट्रेलर परवडतो. जर्मनीत ओबी, हॉर्नबाख, बाउहाऊस अशा बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत, तो काही तासांसाठी किंवा दिवसभरासाठी मिळतो. शिवाय कोडने कुलूप उघडून स्वतःच न्यायचे ट्रेलरही असतात. हे परीक्षण त्यातल्या दोन नेहमीच्या प्रकारांचे आहे: एका अ‍ॅक्सलचा, ब्रेक नसलेला, मालासह कमाल ७५० किलोचा उघडा ट्रेलर आणि त्याच्या वरचा १,००० ते १,३०० किलोचा ब्रेकवाला.

आमचा कौल आधीच सांगतो. गाडी आणि लायसन्स परवानगी देत असतील तर ब्रेकवालाच घ्या. ७५० किलोचा ट्रेलर हलक्या पण जागा खाणाऱ्या सामानासाठी उत्तम. माती, खडी, फरशा यांच्यासाठी नाही. त्याचा हौदा साधारण २ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर खोल असतो, म्हणजे पाऊण घनमीटर. तो ओल्या मातीने काठोकाठ भरला तर माल हजार किलोच्या वर जातो. ट्रेलरचे स्वतःचे वजन दीडशे किलो धरले तर भरायची मुभा मात्र फक्त ६०० किलोची. म्हणून माती अर्ध्या उंचीपर्यंतच भरायची, उरलेला हौदा कितीही मोह घालू दे.

काउंटरवर ओळखपत्र, लायसन्स आणि अनामत मागतात. तुमची गाडी किती ओढू शकते हे बहुतेक वेळा कोणी तपासत नाही, ते तुम्हीच पाहायचे. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, म्हणजे फारत्सॉइगशाइनवर, तीन रकाने बघा. ओ.१ मध्ये ब्रेकवाल्या ट्रेलरची मर्यादा, ओ.२ मध्ये ब्रेक नसलेल्याची आणि १३ क्रमांकाच्या रकान्यात हिचच्या गोळ्यावर किती उभा भार चालेल ते लिहिलेले असते. ओ.१ आणि ओ.२ मध्ये आकड्याऐवजी रेघ असेल तर विषय संपला. हिच दिसते म्हणून ओढायची परवानगी आहे असे समजू नका; काही गाड्यांची, विशेषतः काही इलेक्ट्रिक गाड्यांची हिच फक्त सायकल-कॅरियरपुरती असते.

इथे दोन वेगळे हिशेब आहेत आणि लोक नेमके त्यांचीच गल्लत करतात. गाडीच्या मर्यादेसाठी ट्रेलरचे त्या क्षणीचे खरे वजन मोजतात. ओ.२ मध्ये ५५० असेल तरी ७५० किलोचा ट्रेलर लावता येतो, फक्त ट्रेलर आणि माल मिळून ५५० च्या आत हवेत. दीडशे ट्रेलरचे गेले की मालाला ४०० उरले. लायसन्ससाठी मात्र कागदावर छापलेले कमाल वजन मोजतात, ट्रेलर रिकामा असला तरी. कारच्या साध्या बी वर्गाच्या लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर केव्हाही चालतो. त्यापेक्षा मोठा असेल तर गाडी आणि ट्रेलर यांच्या कमाल वजनांची बेरीज ३,५०० किलोच्या आत हवी. १,९०० ची गाडी आणि १,३०० चा ट्रेलर म्हणजे ३,२००, चालेल. २,३०० ची एसयूव्ही आणि तोच ट्रेलर म्हणजे ३,६००, चालणार नाही, मागे एकच गादी ठेवली असली तरी. तिथे लायसन्सवर बी९६ हा वाढीव शेरा लागतो. त्यासाठी परीक्षा नाही, ७ तासांचे प्रशिक्षण पुरते आणि बेरीज ४,२५० पर्यंत जाते. योग्य वर्ग नसताना चालवणे हा जर्मनीत साधा दंड नव्हे, फौजदारी गुन्हा आहे.

भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून ६ महिनेच चालते, सोबत जर्मन भाषांतर लागते. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स घ्यावे लागते. ते हातात येईपर्यंत मोठ्या ट्रेलरच्या वाटेला जाऊ नये.

वेगाचा नियम बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. ट्रेलर लावला की गावाबाहेर आणि आउटोबान या द्रुतगती महामार्गावरही ८० ची मर्यादा. ट्रेलरच्या मागे १०० चे गोल स्टिकर दिसले की लोक खुशाल १०० ने जातात, पण ते स्टिकर एकटे पुरत नाही. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ०.३ पटीत बसावे लागते. १,४०० किलोच्या गाडीला हा आकडा ४२० येतो. ७५० च्या ट्रेलरसाठी अडीच टनांची गाडी हवी! थोडक्यात, त्या ट्रेलरला ८० च. ब्रेक आणि हायड्रॉलिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या ट्रेलरला हीच पट १.१ आहे, म्हणून १,३०० किलोचा ट्रेलरही त्याच १,४०० किलोच्या गाडीमागे १०० ने जाऊ शकतो. गाडीला एबीएस हवे आणि ट्रेलरचे टायर ६ वर्षांच्या आतले हवेत. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आणखी एक: गाडी-ट्रेलर मिळून ७ मीटरच्या वर लांबी गेली की एका दिशेला तीन पदर असलेल्या रस्त्यावर सर्वात डावी लेन वर्ज्य. जवळपास प्रत्येक जोडी त्यात येते.

जोडताना हँडल खाली बसले एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कपलिंगवरचा, म्हणजे ट्रेलरच्या गोळ्यावर बसणाऱ्या तोंडावरचा दर्शक हिरव्यात आला का बघा आणि पुढचे छोटे चाक फिरवून दांडा वर उचला. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर पकड पक्की. मग ते चाक पूर्ण वर घेऊन आवळा, नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर ते वाकेल. ब्रेकवाल्या ट्रेलरची सुरक्षा-दोरी (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) नुसती गोळ्याभोवती न टाकता हिचवरच्या कडीतून ओवा. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये तसे करणे बंधनकारक आहे. परदेशात न्यायची मुभा भाड्याच्या करारात आहे का, हेही वाचा.

प्लग १३ पिनचा की ७ पिनचा, हे आधीच विचारा. अडॅप्टर काउंटरवर मिळतो, पण संपलेलाही असतो. स्वतःचा घेऊन ठेवणे शहाणपणाचे. इंडिकेटर, ब्रेक लाइट, नंबर प्लेटचा दिवा, सगळे जागेवरच तपासा. ट्रेलरच्या कागदाची प्रत मागून घ्या.

माल भरण्यातली सर्वात मोठी चूक म्हणजे जड वस्तू मागे ठेवणे. मग गोळ्यावरचा भार कमी होतो आणि ७०-८० च्या वेगाला ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. जड सामान अ‍ॅक्सलच्या वर किंवा जरासे पुढे ठेवा. गोळ्यावरचा भार ट्रेलरच्या खऱ्या वजनाच्या निदान ४ टक्के हवा, २५ किलोच्या वर असण्याची सक्ती नाही. पण गाडी, हिच आणि कपलिंग यांतल्या सर्वात कमी मर्यादेच्या जितके जवळ जाल तितके चालवणे सोपे. मोजायला घरातला वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा पुरतो, ट्रेलर आडव्या पातळीत असला म्हणजे झाले. हलायला लागलाच तर स्टिअरिंग सरळ धरा, पाय गॅसवरून काढून ब्रेक लावा. वेग वाढवून तो सरळ होतो हा गैरसमज आहे.

लांब फळ्या मागे १.५ मीटरपर्यंत बाहेर चालतात, १०० किलोमीटरच्या आतल्या अंतरासाठी ३ मीटरपर्यंत. मागच्या रिफ्लेक्टरपासून १ मीटरच्या वर बाहेर आल्या तर ३० बाय ३० सेंटिमीटरचे लाल फडके, आडव्या काठीने ताणलेले, आणि अंधारात लाल दिवा. पालापाचोळ्यावर जाळी हवीच. माल आवळायचे रॅचेटचे पट्टे बहुधा वेगळे घ्यावे लागतात.

विम्यात एक फट आहे. ट्रेलरने दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते सक्तीच्या विम्यात येते, पण भाड्याच्या ट्रेलरलाच पोच आला तर तुमच्या गाडीचा तो विमा पैसे देत नाही. मर्यादित जबाबदारीचा, म्हणजे नुकसानीचे ठरावीक रकमेपर्यंतच पैसे भरायचा पर्याय मिळत असेल तर घ्या, आणि नेताना-आणताना चारही बाजू, टायर आणि दिवे यांचे फोटो काढा. परत देताना हौदा झाडून द्या. मातीचे ढेकूळ राहिले की अनामतीतून सफाईचे पैसे कापून घेतात.